मोठ्या आकाराचा इंकजेट छायाचित्र प्रिंटर

मोठ्या आकाराचा इंकजेट छायाचित्र प्रिंटर म्हणजे ए४ पेक्षा मोठ्या, सामान्यतः १३ ते २४ इंच रुंदीच्या कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब सोडून छायाचित्रे छापणारे यंत्र होय. छायाचित्रकलेचे विद्यार्थी, हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार तसेच स्वतःच्या चित्रांच्या प्रती काढणारे चित्रकार हे यंत्र घरी वापरतात. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये छायाचित्रकार जे काम स्वतःच्या हाताने करीत असे, म्हणजे एकाच निगेटिव्हच्या अनेक प्रती काढून त्यांतील हवी ती निवडणे, त्याची जागा डिजिटल काळात या यंत्राने घेतली आहे.

अशा प्रिंटरची निवड करताना कागदाची कमाल रुंदी, रंगांची संख्या आणि डीपीआय या आकड्यांकडे प्रथम लक्ष जाते, कारण उत्पादकांच्या माहितीपत्रकांत तेच ठळकपणे दिलेले असतात. घरगुती वापरात मात्र महिन्याला नियमितपणे किती प्रती छापल्या जाणार, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. हे यंत्र बंद ठेवले तरी खर्च करीत राहते. शाई वाळते, हेडची छिद्रे तुंबतात आणि ती मोकळी करण्यात पुन्हा शाईच खर्ची पडते.

आकार

घरगुती वापरातील प्रिंटरचे आकारानुसार ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट १३ इंची प्रिंटरांचा. त्यांवर ए३+ म्हणजे ३२९ × ४८३ मिलिमीटर आकाराचा कागद चालतो. दुसरा गट १७ इंची प्रिंटरांचा असून त्यांवर ए२ (४२० × ५९४ मिलिमीटर) आकाराची प्रत निघते. तिसऱ्या गटात २४ इंची यंत्रे येतात. ती प्रामुख्याने स्टुडिओ व छपाई व्यवसायासाठी बनवलेली असतात. स्टँडवर उभ्या राहणाऱ्या अशा काही यंत्रांचे वजन १०० किलोच्या घरात जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते कसे न्यायचे, हा प्रश्न खरेदीपूर्वीच सोडवलेला बरा.

एकाच गटातील यंत्रांतही मोठा फरक असतो. एप्सनच्या शुअरकलर पी९०० या १७ इंची प्रिंटरचे वजन सुमारे १५ किलो आहे, तर कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो-१००० या त्याच रुंदीच्या प्रिंटरचे सुमारे ३२ किलो. साध्या टेबलावर दुसरे यंत्र ठेवल्यास छपाईच्या वेळी हेडच्या हालचालीने टेबल हलू लागते. याशिवाय जाड कागद पुढून किंवा मागून सरळ आत सरकवावा लागत असल्याने यंत्राच्या मागे मोकळी जागा लागते.

प्रतीचा आकार आणि कॅमेऱ्याची क्षमता यांचा संबंध अनेकदा वाजवीपेक्षा कडक मानला जातो. सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावरून निरोगी डोळ्याला इंचामागे साधारण ३०० बिंदू वेगळे ओळखता येतात. ६००० × ४००० पिक्सेलच्या, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रातून ए३+ आकाराची प्रत काढल्यास इंचामागे ३०० हून थोडे अधिक, तर ए२ आकारात सुमारे २५० पिक्सेल मिळतात. एक मीटर अंतरावरून डोळ्याची ही मर्यादा ९० च्या खाली येते. त्यामुळे भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रतीसाठी नवा कॅमेरा घेण्याची गरज क्वचितच असते. माहितीपत्रकातील २४०० किंवा ५७६० डीपीआय हा आकडा हेड शाईचे थेंब किती जवळजवळ ठेवू शकते हे सांगतो. छायाचित्रातील पिक्सेलांशी त्याची थेट तुलना करता येत नाही.

पार्श्वभूमी

थेंब सोडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. औष्णिक पद्धतीत छिद्रामागील सूक्ष्म तापक शाईचा बुडबुडा तयार करतो आणि त्याच्या दाबाने थेंब बाहेर फेकला जातो. कॅनन कंपनीत १९७७ साली इचिरो एंडो यांच्या लक्षात आले की, तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागताच सुईतून शाई उडाली. या निरीक्षणातून कॅननची बबलजेट पद्धत विकसित झाली. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने याच तत्त्वावरील थिंकजेट हा प्रिंटर १९८४ मध्ये बाजारात आणला. दुसऱ्या, म्हणजे पिझो पद्धतीत विद्युतदाबाने आकार बदलणारा स्फटिकासारखा घटक शाई ढकलतो. शाई तापवावी लागत नाही. एप्सनची यंत्रे या पद्धतीवर चालतात.

छायाचित्रकलेत मोठ्या इंकजेट प्रतींना प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय एका संगीतकाराकडे जाते. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या गायकवृंदातील ग्रॅहम नॅश हे छायाचित्रांचे संग्राहकही होते. त्यांनी छपाई उद्योगात रंगांच्या चाचणी-प्रती काढण्यासाठी वापरले जाणारे आयरिस ३०४७ हे महागडे यंत्र कलाछपाईकडे वळवले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही संस्था सुरू केली. तेथे काम करणाऱ्या जॅक डुगॅन यांनी त्याच वर्षी अशा प्रतींसाठी ‘झिक्ले’ हा फ्रेंच क्रियापदावरून घडवलेला शब्द रूढ केला. ‘इंकजेट’ या शब्दाला कार्यालयीन कागदपत्रांचा वास येतो, म्हणून तो टाळण्याची ही सोय होती. आज हा शब्द कोणत्याही इंकजेट प्रतीला लावला जातो, त्यामुळे केवळ त्यावरून प्रतीच्या दर्जाविषयी काहीच कळत नाही. नॅश यांचे यंत्र आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे.

आयरिसच्या प्रती सुंदर असत, पण त्यांची शाई लवकर फिकी पडे. टिकाऊ रंगद्रव्याची शाई वापरणारा एप्सनचा स्टायलस फोटो २०००पी हा १३ इंची प्रिंटर २००० साली आला, आणि संग्रहालयात शोभेल अशी प्रत घरच्या टेबलावर काढणे प्रथमच आवाक्यात आले. त्यातही एक उणीव होती. दिव्याखाली योग्य दिसणारी प्रत दिवसाच्या उजेडात हिरवट दिसे. पुढील पिढ्यांत करड्या शाईच्या छटा वाढवून हा दोष बऱ्याच अंशी दूर करण्यात आला.

शाई

शाईचे दोन प्रकार आहेत आणि प्रिंटरची निवड बहुतांशी त्यांच्यातील निवड असते. विद्राव्य रंगाच्या शाईत, म्हणजे डाय शाईत, रंगाचे रेणू द्रवात पूर्ण विरघळलेले असतात. रंगद्रव्याच्या, म्हणजे पिगमेंट शाईत, रंगाचे अतिसूक्ष्म घन कण द्रवात तरंगत असतात. डाय शाई कागदाच्या थरात मुरते, म्हणून चकचकीत कागदावर तिचे रंग झळाळतात आणि पृष्ठभाग एकसारखा राहतो. पिगमेंटचे कण पृष्ठभागाजवळ थांबतात. त्यामुळे चकचकीत कागदावर शाई असलेल्या व नसलेल्या भागांची चमक वेगळी दिसते, आणि तिरप्या उजेडात काळ्या भागांवर कधी कधी पितळी झाक येते. हा फरक झाकण्यासाठी काही प्रिंटरांत एक रंगहीन द्रव जादा कार्ट्रिजमध्ये दिलेला असतो. माहितीपत्रकात तोही शाईच्या संख्येत मोजला जातो, त्यामुळे ‘बारा शायांचा’ प्रिंटर प्रत्यक्षात अकरा रंगांचा असू शकतो.

टिकाऊपणात पिगमेंट शाई सरस आहे. डाय शाईचे सुटे रेणू प्रकाश आणि हवेतील ओझोन यांच्या संपर्कात लवकर विघटित होतात. २००० च्या सुमारास एका लोकप्रिय प्रिंटर-मालिकेच्या प्रती काही ठिकाणी काही आठवड्यांतच नारिंगी पडू लागल्या होत्या. सच्छिद्र कागदात शिरणाऱ्या ओझोनने त्यांतील निळसर शाई नाहीशी होत असे. त्यानंतर डाय शायांत पुष्कळ सुधारणा झाल्या असून काचेच्या फ्रेममध्ये किंवा बंद अल्बममध्ये त्या दीर्घकाळ चांगल्या राहतात. उघड्यावर, खिडकीसमोर लावलेल्या प्रतीबाबत मात्र हे म्हणता येत नाही. प्रतींच्या आयुष्याचे अंदाज प्रवेगित चाचण्यांवरून काढले जातात. या क्षेत्रात हेन्री विल्हेल्म यांची अमेरिकेतील संशोधन संस्था विशेष परिचित आहे. तिचे आकडे ठरावीक शाई आणि ठरावीक कागद यांच्या जोडीसाठी असतात. दुसऱ्या कंपनीची शाई भरल्यास ते लागू होत नाहीत.

कृष्णधवल छायाचित्रे छापणाऱ्यांसाठी करड्या शायांची संख्या महत्त्वाची असते. केवळ एका काळ्या शाईने करड्या छटा दाखवायच्या तर प्रिंटर त्यांत रंगीत शायांची भर घालतो, आणि प्रतीत कोठे गुलाबी तर कोठे हिरवी झाक उमटते. दोन किंवा अधिक करड्या शाया असल्यास ही अडचण फारशी जाणवत नाही. मॅट कागदासाठी व चकचकीत कागदासाठी काळी शाईही वेगवेगळी लागते. जुन्या अनेक यंत्रांत या दोन शायांना एकच मार्ग होता आणि कागद बदलला की शाई बदलताना काही मिलिलिटर शाई वाया जाई. जुना प्रिंटर विकत घेणाऱ्याने ही बाब आवर्जून तपासावी लागते.

खर्चाचे गणित

प्रिंटरची किंमत एकदाच द्यावी लागते, शाईची वारंवार. पूर्ण रंगीत छायाचित्राला साधारणतः चौरस मीटरमागे १० ते १५ मिलिलिटर शाई लागते. १२ मिलिलिटर धरल्यास ए३+ आकाराच्या प्रतीस सुमारे दोन आणि ए२ प्रतीस सुमारे तीन मिलिलिटर शाई पुरते. कॅननच्या प्रो-३०० या १३ इंची प्रिंटरमध्ये १४.४ मिलिलिटरची दहा कार्ट्रिजे बसतात, म्हणजे पूर्ण संचात १४४ मिलिलिटर शाई असते. पी९०० मध्ये ५० मिलिलिटरची दहा, म्हणजे ५०० मिलिलिटर. प्रो-१००० मध्ये ८० मिलिलिटरची बारा, म्हणजे ९६० मिलिलिटर. या हिशेबाने पहिल्या संचातून ए३+ आकाराच्या सुमारे ७५, दुसऱ्यातून ए२ आकाराच्या सुमारे १६५ आणि तिसऱ्यातून सुमारे ३२० प्रती निघायला हव्यात.

प्रत्यक्षात तितक्या निघत नाहीत. सर्व रंग एकाच वेळी संपत नाहीत, शिवाय यंत्र प्रथम सुरू करताना नळ्या व हेड भरण्यात सोबत आलेल्या शाईचा बराच भाग जातो आणि नंतर प्रत्येक साफसफाईत थोडी थोडी शाई टाकाऊ टाकीत जमा होते. ही टाकी भरली की यंत्र छपाई थांबवते. अलीकडच्या चांगल्या प्रिंटरांत ती वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते. काही स्वस्त व जुन्या यंत्रांत मात्र त्यासाठी सेवा केंद्र गाठावे लागते.

मिलिलिटरमागे शाईची किंमत मोठ्या कार्ट्रिजमध्ये कमी पडते. एवढ्यावरून मोठा प्रिंटर स्वस्त पडतो असे मानणे घाईचे ठरेल. कार्ट्रिज उघडल्यानंतर ते सुमारे सहा महिन्यांत वापरावे, अशी काही उत्पादकांची सूचना असते. महिन्याला पाच ए३+ प्रती छापणाऱ्याला वर्षाला ६० प्रतींसाठी जेमतेम ११५ मिलिलिटर शाई लागते. अशा घरी ९६० मिलिलिटरचा संच कित्येक वर्षे पडून राहील. तेथे लहान कार्ट्रिजचा, महाग शाईचा १३ इंची प्रिंटरच हिशेबात बसतो. याउलट दर आठवड्याला ए२ प्रती काढणाऱ्याने १४ मिलिलिटरची कार्ट्रिजे वापरली तर दर थोड्या दिवसांनी कोणता ना कोणता रंग बदलावा लागेल.

तिसरा पर्याय शाईच्या टाकीच्या प्रिंटरांचा आहे. त्यांत कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई ओतली जाते. आशियातील बाजारांत लोक बाहेरून बसवलेल्या टाक्या आधीच वापरू लागले होते. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियापासून सुरुवात करून स्वतःच टाकीचे प्रिंटर विकायला घेतले. एल१८०० आणि एल८१८० हे त्यांतील ए३+ छपाई करणारे नमुने आहेत. त्यांच्या रंगीत शाया डाय प्रकारच्या असतात. शाईचा खर्च कार्ट्रिजच्या तुलनेत अगदीच कमी येतो. अल्बम, शाळेचे प्रकल्प, घरातील छायाचित्रे यांसाठी हा पर्याय समाधानकारक आहे. प्रदर्शनात विकायच्या किंवा पुढच्या पिढीसाठी जपायच्या प्रतींसाठी पिगमेंट शाईचाच प्रिंटर लागतो.

छिद्रे तुंबणे

इंकजेट हेडवरील छिद्रे डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात. यंत्र थांबले की हेड एका ओलसर रबरी टोपीखाली जाऊन बसते आणि छिद्रांतील शाई वाळत नाही. ही टोपी पूर्ण हवाबंद नसते. कित्येक आठवडे छपाई झाली नाही तर काही छिद्रे बंद होतात आणि प्रतीत समांतर बारीक पट्टे उमटतात. अशा वेळी चाचणी-नमुना छापून कोणता रंग तुटतो आहे ते पाहिले जाते आणि मग साफसफाईची आज्ञा दिली जाते. लागोपाठ अनेकदा साफसफाई करण्यापेक्षा एकदा करून यंत्र काही तास तसेच ठेवणे अधिक उपयोगी ठरते. मधल्या वेळात ओली शाई वाळलेल्या शाईला मऊ करते, आणि शाईही वाचते.

हेड बदलण्याच्या सोयीत मोठी तफावत आहे. कॅननच्या काही प्रिंटरांत वापरणाऱ्याला नवे हेड बसवता येते. पिझो हेड अधिक काळ टिकते, पण ते बिघडल्यास तंत्रज्ञ लागतो आणि हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या प्रिंटरच्या जवळ जातो. जुना प्रिंटर स्वस्तात मिळण्याचे कारण बहुधा हेच असते. विक्रेत्यासमोर चाचणी-नमुना छापून घेतल्याशिवाय असा व्यवहार करणे जोखमीचे असते.

आठवड्यातून एकदा सर्व रंग वापरणारे एक लहान छायाचित्र छापणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे. यंत्र भिंतीवरील बटणाने बंद न करता त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावे लागते, कारण त्यानंतरच हेड टोपीखाली जाते. छपाई चालू असताना वीज गेल्यास हेड उघडेच कागदावर थांबते. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत त्यामुळे प्रिंटरला यूपीएस जोडणे आवश्यक ठरते.

हवामान

महाराष्ट्र व गोव्यात या यंत्रांपुढे दोन परस्परविरुद्ध अडचणी येतात. विदर्भ व मराठवाड्यातील कोरड्या, कडक उन्हाळ्यात शाई लवकर वाळते, आणि कूलर किंवा पंख्याच्या झोतात ठेवलेल्या यंत्राची छिद्रे अधिक तुंबतात. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. बहुतेक प्रिंटरांसाठी उत्पादकांनी सांगितलेली वरची मर्यादाही तीच आहे. या दिवसांत कागद ओलावा शोषतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि वेगाने फिरणारे हेड त्या कडांना घासते. परिणामी कागदावर काळे डाग पडतात, आणि हेडला इजा झाली तर नुकसान कागदापुरते राहत नाही. कागद मूळ पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवणे आणि छापण्याच्या वेळीच बाहेर काढणे हा साधा उपाय आहे. छापलेल्या प्रतीही या हवेत बुरशीपासून जपाव्या लागतात. सुती कागदावरील प्रत ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून लावल्यास शाई कितीही टिकाऊ असली तरी फारसा उपयोग होत नाही.

कागद

छायाचित्राचा सामान्य कागद प्लॅस्टिकच्या पातळ थराने वेष्टित असतो. स्वस्त, लवकर सुकणारा आणि सरावासाठी योग्य असा हा कागद आहे. बरायटा कागदात धाग्यांच्या आधारावर बेरियम सल्फेटचा थर असतो आणि त्याचा पोत जुन्या डार्करूमच्या कागदाची आठवण करून देतो. संपूर्ण कापसापासून बनलेला मॅट कागद कलाप्रतींसाठी वापरला जातो. १५८४ पासून कागद बनवणाऱ्या जर्मनीतील हानेम्यूले कंपनीचा चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा फोटो रॅग हा या प्रकारातील सुपरिचित कागद होय. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातलेली प्रकाशवर्धक रसायने कालांतराने निष्प्रभ होतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. जपायच्या प्रतींसाठी म्हणून ती नसलेला कागद निवडला जातो.

लांब पट्टीसारखी निसर्गदृश्ये छापायची असतील तर गुंडाळीचा कागद चालतो का, हे पाहावे लागते. पी९०० साठी गुंडाळीचा जोडभाग स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, तर प्रो-३०० व प्रो-१००० वर केवळ सुटे कागद चालतात.

रंगांचा मेळ

पडद्यावर उजळ दिसलेले छायाचित्र कागदावर काळवंडलेले दिसणे ही नव्या वापरकर्त्यांची सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. बहुतेक वेळा दोष प्रिंटरचा नसून अतिप्रखर ठेवलेल्या पडद्याचा असतो. छपाईच्या कामासाठी पडद्याची दीप्ती चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला इतकी ठेवण्याचा प्रघात आहे. दुकानातून आलेले पडदे याच्या दुप्पट-तिप्पट प्रखर असू शकतात. प्रिंटर, शाई व कागद या त्रयीसाठी कागद-उत्पादक आपल्या संकेतस्थळांवर रंगाची प्रोफाइल मोफत देतात. योग्य प्रोफाइल निवडणे आणि रंगांचे नियंत्रण छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअर व प्रिंटरचे ड्रायव्हर यांपैकी एकाकडेच ठेवणे, एवढ्याने बरीचशी शाई व कागद वाचतो.

लॅबमधील छपाईशी तुलना

वर्षाला दहा-वीस मोठ्या प्रती लागणाऱ्यास शहरातील कलर लॅब किंवा कलाछपाईचा व्यवसाय करणारा स्टुडिओ जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो. लॅबमधील रासायनिक कागदावरील प्रती एकसारख्या व वेगाने निघतात. कापसाच्या कागदाची निवड किंवा कृष्णधवल छटांवरील बारीक नियंत्रण मात्र तेथे सहसा मिळत नाही. घरच्या प्रिंटरचा खरा लाभ दुरुस्तीच्या सोयीत आहे. संध्याकाळी काढलेली प्रत रात्रभर सुकू देऊन सकाळच्या उजेडात पाहता येते, सावल्या किंचित उघडून पुन्हा छापता येते आणि दोन्ही शेजारी ठेवून निवड करता येते. ज्यांना हे करायचे असते ते सहसा नियमित छापतात आणि त्यांच्या यंत्राची छिद्रेही कमी तुंबतात. आपण त्यांपैकी आहोत का, याविषयी साशंक असणारे काही महिने लॅबमधून दरमहा ठरावीक संख्येने प्रती काढून घेतात आणि तो क्रम टिकला तरच यंत्र विकत घेतात.